लिनसाठी एक सही

…नाही करायची म्हणजे नाही करायची, कांचन, त्यात समजावण्यासारखं काय आहे? कॉलेजच्या कमिटीचा कागद घेऊन तू ॲन आर्बरहून ट्रॉयपर्यंत ड्राइव्ह करत आलीस, शनिवारची सकाळ घालवलीस, छान केलंस, बस, चहा घे. पण 'दिगंबरकाका, तुम्ही त्याचे बॉस आहात, एक सही केलीत तर त्याचा व्हिसा वाढेल' — हे तुझ्या बाबांनीसुद्धा मला सांगितलं नसतं. मोहन मला ओळखतो. हा लिन चांगल्या चारित्र्याचा माणूस आहे असं मी लिहून द्यायचं? अगं, जूनमध्ये तू टीव्हीवर चीनमधले ते रणगाडे पाहिलेस आणि रडलीस. मीही पाहिले. रणगाड्यांपुढे उभी राहिली ती माणसं वेगळी, आणि लिन वेगळा. लिन तेव्हा माझ्या लॅबमध्ये बसून कास्टिंगमधल्या भेगा मोजत होता.

तुम्हा मुलांना चीन म्हणजे कागदी डब्यातले नूडल्स. मला विचार, मी धातूतला माणूस. यांच्या नेत्यानं हुकूम सोडला की इंग्लंडपेक्षा जास्त पोलाद करा — तर यांनी परसात मातीच्या भट्ट्या उभ्या केल्या, घरातल्या कढया, दाराच्या बिजागऱ्या, हाताला लागेल ते त्यात घातलं, आणि निघालं काय? ढेकळं. साधा चमचा होणार नाही असली ढेकळं. चिमण्या दाणे खातात म्हणून सगळा देश थाळ्या बडवत फिरला, चिमण्या दमून मरून पडेपर्यंत — मग पीक किड्यांनी खाल्लं आणि माणसं उपाशी मेली, कोट्यवधी. कोणी बोललं? उलट लिहून दिलं, चूक आमचीच. ती रीतच आहे त्यांची. लिन आला त्या वर्षी त्याच्या हातून एक साचा बिघडला. साधा साचा, दोन दिवसांचं काम. आपण काय करू? सॉरी म्हणू, कॉफी पाजू. हा दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर ताठ उभा, हातात तीन पानं — मी आळशी आहे, मी अहंकारी आहे, लहानपणापासून मला यंत्रांबद्दल आदर नाही. तीन पानं, सुवाच्य अक्षरात. मी लंचला सगळ्यांना वाचून दाखवली. हसलो आम्ही. तोही हसला, म्हणजे दात दाखवले.

कणा नसतो असल्यांना. फार बोलतोय का मी? मग ऐक. सोळा वर्षांचा असताना हा त्या नेत्याच्या पोरांच्या टोळीत, दंडाला लाल पट्टी बांधून हिंडायचा. शाळेतल्या फिजिक्सच्या मास्तरांचं नाव यानं भिंतीवरच्या कागदावर लिहिलं — एवढाली अक्षरं — की हे घरी परदेशी रेडिओ ऐकतात. याला कसं माहीत? मास्तरांनीच याला रेडिओ दुरुस्त करायला शिकवला होता, त्यांच्या घरी बसवून. आठ दिवसांत मास्तरांनी शाळेच्या गच्चीवरून उडी टाकली. पुढे यालाही खेड्यात धाडलं, नऊ वर्षं डुकरं राखली, मग बंद पडलेल्या कॉलेजच्या परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, पास झाला, आता नवे साहेब म्हणतात पैसा करा, तर हा टाय लावून मिशिगनला. आणि हे त्यानं मला सांगितलं कसं — पार्किंग लॉटमध्ये बर्फ पडत होता, माझी गाडी सुरू होईना, त्याच्या गाडीत बसलो होतो. म्हणाला, 'मीही एक नाव लिहिलंय.' शांतपणे.

मीही म्हणजे काय — गप्पा चालल्या होत्या. आधी मी काहीतरी सांगितलं, मग तो बोलला.

अशी बघू नकोस. आणीबाणी — तू तेव्हा इथे सेकंड ग्रेडमध्ये असशील. मी पुण्यात कारखान्यात होतो. माझ्या खोलीवर उल्हास राहायचा, सायक्लोस्टाइलवर सरकारविरुद्ध पत्रकं काढायचा, शाई माझ्या चादरीला लागायची. पोलिसांतल्या एका साहेबानं मला बोलावलं, चहा पाजला, म्हणाला तुमचं अमेरिकेचं पत्र आलंय, पासपोर्ट अडकलाय, एवढं एक पान लिहा, खोलीवर काय चालतं ते. एकच पान. भिंतीवर नाही काही, फायलीत. आणि उल्हास मेला नाही गं — चौदा महिने आत होता, एका कानानं ऐकू येत नाही, पण बरा आहे, सांगलीला शिकवण्या घेतो. दर दिवाळीला मला पत्र पाठवतो. त्याला माहीत नाही. तुझ्या काकूला नाही, मोहनला नाही. तेरा वर्षांत फक्त लिनला सांगितलं, आणि ते का? तर तो चिनी, आपल्या कोणाशी त्याची गाठ पडायची नाही, म्हणून.

तेव्हापासून तो एक अक्षर बोललेला नाही त्यावर. पण मी लॅबमध्ये कोणाला झापायला लागलो की मान वर करतो आणि माझ्याकडे बघतो. रागानं नाही. कीव केल्यासारखं, आपला माणूस असल्यासारखं. मला नाही सहन होत ते. आणि जूनमध्ये हाच डाउनटाउनला जाऊन बॅनर धरून उभा राहतो, बाकीच्या चिन्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले, यानं नाही — पेपरात फोटो आला, चेहरा स्वच्छ दिसतोय. हो, मी मघाशी म्हणालो लॅबमध्ये होता. आठवडाभर होता, रविवारी गेला. परत गेला तर याला तिकडे उचलतील, मला कळत नाही का? कळतं. सप्टेंबरात व्हिसा संपतो, तो जाईल, आणि मग माझ्याकडे तसं बघणारं इथे कोणी उरणार नाही. म्हणून नाही करत सही. झालं समाधान?

उठलीस का? बस की. अगं, आता तूही त्याच्यासारखीच बघायला लागलीस माझ्याकडे.

लिनला निदान परत पाठवता येतं. तू तर इथलीच.

नीघ तू आता. तो कागदही घेऊन जा.