डेरीतला चौसष्टवाला

...न्हाई, पन मला एक सांगा, चालतं हुतं ते काढायचं कशाला? हसू नका! तुमच्या गावच्या डेरीत झालं म्हंजी कळंल. आमच्या डेरीतला जुना कॉम्प्युटर, पिवळा पडल्याला, उन्हाळ्यात म्हाताऱ्यावानी घुरघुरायचा, पन फॅटच्या मशीनमदी दूध घातलं की आकडा दाखवायचा का न्हाई? दाखवायचा! माझ्या गाईचा तर रोज चार पॉइंट तीन. चार पॉइंट तीन! दाखवा संगमनेर तालुक्यात दुसऱ्या कुनाच्या जर्सीचा! घास घालते, मका घालते, सरकी पेंड घालते, सवता अर्धपोटी ऱ्हाते पन गाईला न्हाई ठेवत. माझा आकडा आला की लाइनीतल्या बाया माना वळवून बघायच्या. तेवढंच एक सुख हुतं हो मला ह्या गावात.

तर ते आमच्या चेअरमनला बघवंना. चेअरमन म्हंजी कानिफनाथ नाना. गेले संगमनेरला, जुना कॉम्प्युटर दुकानात दिला आन नवा घेऊन आले, भाकड देऊन दुभती आनावी तसा. हळद-कुकू लावलं, हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, आन मग छाती फुगवून भाषान... "मंडळी, जुना बत्तीस बिटचा हुता. ह्यो चौसष्टचा हाय! डबल!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या, माझं मेलीचं नशीब!

चौसष्ट म्हनं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घातलं. मशीन गुरगुरतंय, कॉम्प्युटर ढिम्म. नाना म्हनतात, "इजयमाला, दूध पातळ आसंल तुजं." पातळ? माझं? मी म्हनलं, "नाना, तोंड सांभाळा." मग दुसऱ्याचं घातलं, तिसऱ्याचं घातलं... ढिम्म! आता काय समद्या गावाचं दूध पातळ? तुमी म्हनाल, मशीनवरच आकडा बघायचा. आवो, मशीनची काच कुनाच्या तरी कॅनचा धक्का लागून कवाच फुटली, तवा नानाच म्हनले हुते, "कॉम्प्युटरवर दिसतंय की, काचंला काय चाटायचंय?"

मग आला संगमनेरवरनं इंजिनियर. पांढरे बूट, सांडल्याल्या दुधातनं टाचा उचलून चालतोय. बघितलं, दोन बटनं दाबली आन मला म्हनतो, "काकू, प्रोसेसर चौसष्टचा आहे, विंडोज पण चौसष्टचं. तुमचा डेअरीचा प्रोग्राम बत्तीसचा, तो चालतोय. पण मशीनचा ड्रायव्हर बत्तीसचा आहे ना, त्याला चौसष्टचं विंडोज आत घेत नाही." ड्रायव्हर म्हंजी काय, तर मशीनचा निरोप कॉम्प्युटरला सांगनारा. म्हंजी पावना दारात उभा, आन घरात घेत न्हाईत! आन त्याला चौसष्टचे कपडे शिवायचे, तर ते शिवनारी कंपनीच बंद पडल्याली.

नाना पेटले. "पस्तीस एचपीचा नांगर पन्नासचा ट्रॅक्टर वढतो का न्हाई? मग मोठ्यात बारकं का बसंना?" जन्मात पयल्यांदा मला नानाचं बोलनं पटलं! इंजिनियर म्हनतो, "ट्रॅक्टरचं वेगळं, सर. जुना कॉम्प्युटर अजून दुकानात पडलाय, तोच परत आणू का?" झालं की वो! आना! पन नाना... "नारळ फोडलाय! नारळ फोडल्याली वस्तू माघारी देत न्हाईत आमच्यात!" बरं, म्हनला, मग ह्याच्यावरच बत्तीसचं विंडोज टाकू, चौसष्टच्या प्रोसेसरवर ते बिनबोभाट चालतं. "म्हंजी चौसष्टचा बत्तीस करायचा? गावाला डबल सांगितलंय म्या! तोंड कुठं लपवू?" आता ह्या मानसाच्या तोंडापायी आमच्या गाईंनी काय आटायचं?

चौसष्ट म्हनं!

आन मग नानांनी काढला फतवा: कॉम्प्युटर चालू हुईस्तवर समद्यांना सरसकट तीन पॉइंट पाचचा भाव. सरसकट! म्हंजी मला तीन पॉइंट पाच आन झुंबरबाईलाबी तीन पॉइंट पाच! झुंबरबाई म्हंजी नानांची भावजय. तिच्या कॅनमदी वरनं बघितलं तर तळ दिसतो, तळ! वर मलाच म्हनती कशी, "आगं इजयमाला, देवाला समदी सारखीच." देवाला आसतील, गं बाई! फॅटच्या मशीनला नव्हती, म्हनून तर ती आनली हुती!

घरी येऊन मी तनतन तनतन केली. आमचे मालक म्हंजी देवमानूस, कुनाच्या अध्यात न्हाई न मध्यात न्हाई. विडी वढत म्हनले, "सरसकटच जातंय तर चांगल्या दुधाचं लोनचं घालायचंय का?" मी म्हनलं, "गाव बुडू द्या, माझ्या कॅनमदी पान्याचा थेंब पडनार न्हाई." आन गाव बुडलंच की वो! सरसकट म्हनल्यावर जो तो पानी घालायला लागला. टँकर तालुक्याच्या दूध संघात गेला आन संघानं समदा माघारी धाडला, वर सांगावा... "दूध पाठवताय का प्रवरेचं पानी?"

तवा नानाची जिरली. इंजिनियरला गुपचूप बोलावला, चौसष्टच्या उरावर बत्तीसचं विंडोज बसवलं. गावाला सांगितलं न्हाई. कसं सांगनार, डबलचं सिंगल झाल्यालं!

मी आपली सकाळी लाइनीत पयली. दूध घातलं. मशीन गुरगुरलं, आन कॉम्प्युटरवर चक्क आकडा! माझ्या डोळ्यात पानी आलं हो. पुसून बघितलं तर... तीन पॉइंट एक! खाली लाल अक्षरात, दुधात पानी! लाइनीतल्या बाया परत माना वळवून बघाया लागल्या... आन माझ्या मागं झुंबरबाईचं किती? चार! भावजयीला आदल्या दिवशीच कळलं आसनार का न्हाई, सांगा!

घरी आले ती कॅन आपटला. मालक गोठ्यात खाली मान घालून. म्हनले, "म्या म्हनलं, आपुनच का मूर्ख ऱ्हायचं? थोडंच घालनार हुतो. पन सवय न्हाई ना, अंदाज चुकला."

काल परत माझा चार पॉइंट तीन आला. मी तोऱ्यात मागं वळून बघितलं, तर झुंबरबाई समद्यांना ऐकू जाईल आशी म्हनती, "इजयमाला, मालक गावाला गेल्यात वाटतं?"

आन काय सांगू तुमाला... खरंच गेल्ते हो!