निरोगी माणसाचं रक्त

२००७ चा जुलै. अमेरिकेतल्या अल्बनीच्या दवाखान्यात रक्त द्यायला बसलेल्या सुरुचीचे कान मागच्या खुर्च्यांवरचं मराठी ऐकून टवकारले. म्हातारी आई आणि युनिव्हर्सिटीत संशोधन करणारा मुलगा.

“पण मकरंद, तुला आधी कसं कळलं नाही रे? इतकी वर्षं किडनी तपासायचीच चिप करतोयस ना?”

“चाचणीला निरोगी माणसाचं रक्त लागतं, आई. मी माझंच वापरायचो.”

“मग?”

“आकडा सारखा जास्त यायचा. मला वाटलं, चिपच बिघडलीय. वर्षभर तिलाच दुरुस्त करत बसलो.”

“आणि ती?”

“ती बरोबर होती.”



“म्हणजे जमली तुला चिप.”

“जमली.”

“एरवी पेढे वाटले असते रे मी.”