सरावाला माणूस हवा

— नाही, अडकलं नाहीये काही. मीच थांबवलीय. ब्रेक लावलाय, ही बघा, चाकापाशी लाल दांडी आहे ना, ती खाली केली की खुर्ची जागची हलत नाही, तुम्ही कितीही चुळबुळ केलीत तरी. आणि तो हात आत घ्या आधी, काका. कठडा धरायचा नाही हे मी पट्टा बांधताना सांगितलं, निघताना सांगितलं, आणि पहिल्याच पायरीला तुम्ही कठडा धरलात. बसलेल्या माणसाने कठडा धरला की मागून खुर्ची सांभाळणारा तोंडावर पडतो — आमच्या प्रथमोपचाराच्या क्लासातल्या सरांचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य आहे हे. हात छातीशी. असे. आता बसा शहाण्यासारखे.

टॅक्सी? थांबेल की. हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, त्याचाही जीव रमतो. तुमचं प्लास्टर कापायची वेळ बाराची, आत्ता सव्वाअकरा होतायत, हॉस्पिटल काय वेशीबाहेर नाही. सात मिनिटांचा प्रश्न आहे फक्त. हे बघा, घड्याळ लावलंय मी — नाडी मोजायच्या सरावासाठी घेतलं होतं, चांगलं निघालं. सात मिनिटं आपण इथे, या वळणावर थांबायचं. का? सांगते ना. म्हणून तर खुर्ची उलटी फिरवून ठेवली. समोर काय दिसतंय तुम्हाला? नऊ पायऱ्या, आणि वर तुमचं दार. तुमच्या नावाची पितळी पाटी, खाली बेल, आणि मधोमध भिंग. नीट दिसतंय ना? दिसणारच, चष्मा माझ्याच हातचा आहे. तुमचा नंबर मला तोंडपाठ आहे, काका. लांबचं तुम्हाला उत्तम दिसतं.

मला हसूच आलं होतं, खरं सांगायचं तर, काल तुमचा फोन आला तेव्हा. खालच्या बोर्डावर चिठ्ठी कुणी लावली होती? मी. ‘खुर्चीतून जिना उतरवण्याच्या सरावाला माणूस हवा. वजन सत्तर ते ऐंशी किलो. पडणार नाही याची हमी.’ शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातलं, सर म्हणाले नको लिहूस, लोक उलट घाबरतील. आणि ती चिठ्ठी फाडली कुणी? तुम्ही. का, तर सोसायटीची परवानगी घेतली नाही. परवानगी देणार कोण, तर चेअरमन, म्हणजे परत तुम्हीच. बरं. पोती उचलली. चाळीस किलो वाळूचं पोतं पट्ट्याने बांधून याच जिन्याने नऊ वेळा उतरवलं, आणि दर वेळी तुमच्या दारासमोर मुद्दाम धप्पकन टेकवलं. ऐकू येत असेल तुम्हाला. आणि मग आठ दिवसांत तुमचाच पाय मोडतो काय, दीड महिन्याने प्लास्टर कापायला अख्ख्या बिल्डिंगमध्ये एक माणूस तुम्हाला खाली न्यायला तयार होत नाही काय, आणि शेवटी नंबर कुणाचा फिरवता, तर माझा. अडला हरी — पुढचं म्हणत नाही, त्यात गाढव मीच ठरते.

तर मी हो म्हटलं. लगेच. तुम्हालाही नवल वाटलं असणार. त्याचं असं आहे, फॉर्मची शेवटची तारीख सोमवार. अँब्युलन्सवरच्या कामाचं शिक्षण, दोन वर्षं, आणि वयाची अट चाळीसपर्यंत — मी एकोणचाळीस पूर्ण केली गेल्या महिन्यात. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही. सगळं तयार केलंय मी. जड वाहनाचं लायसन्स काढलं, या वयात, शिकवणारा माणूस पहिले चार दिवस स्वतःच्या ब्रेकवरचा पाय काढत नव्हता. हाडांची नावं पाठ केली, दोनशे सहा. दुकानात भिंग घासता घासता बरगड्या मोजायचे, गिऱ्हाइकाला वाटायचं बाई काहीतरी पुटपुटतेय. छाती दाबायचा सराव उशीवर केला, तीन उशा फाटल्या. आणि एकच गोष्ट राहिली होती — दहा उतरणी, त्यातली एक तरी जिवंत माणसाची, आणि त्या माणसाची नोंदवहीत सही, की मला सुखरूप खाली आणलं. म्हणजे तुम्हाला माझी गरज आणि मला तुमची. समोरासमोर. मला वाटलं, देव असेल तर बऱ्यापैकी विनोदी आहे.

किती झाली? दीड मिनिट. बघा, अजून काहीच नाही झालं. पण तुम्हाला कसं वाटलं दीड मिनिट? लांब वाटलं ना? पट्ट्याने बांधलेलं, पाय लटकलेले, उठता येत नाही, आणि ज्याच्या हातात सगळं आहे तो माणूस ढिम्म. तुमच्या तर फक्त पायाला प्लास्टर आहे. माझ्या मावशीची छाती दुखत होती.

हो, तेच. दुसरं काय असणार? दोन वर्षं दुसरं काय आहे आपल्या दोघांत? दुपारचे तीन, सोमवार, दुकान बंद म्हणून मी घरी. ती दोघं आली होती अँब्युलन्सवरून, ड्रायव्हर आणि ती बारीकशी मुलगी, आणि त्यांच्याकडे असली पट्ट्यांवरून घसरणारी खुर्ची नव्हती, जुनी, उचलून न्यायची. मावशी चौऱ्याण्णव किलो. चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यापर्यंत आणली त्यांनी कशीबशी आणि तुमच्या दारासमोर टेकवली. त्या मुलीने पुढचं वळण वाकून बघितलं. म्हणाली, पुढे जिना अरुंद होतोय, खालच्या बाजूला तिसरा माणूस हवाच, नाहीतर पेशंट जाईल हातातून. मी तुमची बेल वाजवली. तुम्ही घरात होतात. कारण रेडिओ लागला होता आणि बेल वाजली तसा बंद झाला — रोज तीनला तुमच्या बातम्या, अख्ख्या जिन्याला माहीत आहे. पुन्हा वाजवली. आणि मग ते भिंग काळं पडलं.

मान हलवू नका. मी बावीस वर्षं भिंगांचं काम करतेय, काका, मला नका शिकवू. दाराच्या भिंगातून बाहेरच्याला आत दिसत नाही, बरोबर. पण आत कुणी डोळा लावला की उजेडाचा ठिपका विझतो. विझला. मग परत लागला. मग परत विझला. दोनदा बघितलंत तुम्ही. मावशी त्या खुर्चीत बसलेली, घामाने केस कपाळाला चिकटलेले, ती त्या भिंगाकडे बघून हसलीसुद्धा. ओळखीचं हसतात तसं. तुमच्या मिसेस गेल्या तेव्हा तीन महिने दोन वेळचा डबा कुणी पोचवला तुम्हाला? तुमच्या पँटा आखूड-लांब कुणी करून दिल्या? मी मोजून नाही दाखवत, मावशीने कधी मोजलं नाही, पण मी तिच्याइतकी चांगली नाहीये. मी सगळं लक्षात ठेवते.

सात मिनिटं. सात मिनिटं ती तिथे बसली होती. मग ड्रायव्हर खाली धावत गेला आणि रस्त्यावरून एका प्लंबरला घेऊन आला, ओळख ना देख, पाना खिशात तसाच, आणि त्या बिचाऱ्याने धरली. तळमजल्यावर पोचेपर्यंत मावशी गेली होती.

तेव्हाच ठरवलं मी हे. मुलाखतीत विचारणार आहेत, या कामात का यायचंय. सर म्हणतात सेवा म्हण, माणुसकी म्हण. राग असं लिहिता येत नाही ना कुठे. पण खरं तेच आहे. मी रोज झोपताना एकच चित्र बघायचे — तुम्ही फोन फिरवताय, छातीवर हात, आणि गाडीतून मी उतरते. मी येणार, काका, एवढं लक्षात ठेवा. न येण्यात काय सूड, न येणं तुमचं करून झालंय. मी पहिल्या मिनिटाला येणार, दार उघडलं नाहीत तर फोडून येणार, तुम्हाला उचलणार, सगळ्या बिल्डिंगदेखत खाली उतरवणार, जगवणार — आणि मग तुम्ही जगा त्या आठवणीसकट. पाच वर्षं, दहा वर्षं. मावशीच्या भाचीने उचललं होतं म्हणून. यासाठी हाडं पाठ केली मी, दोनशे सहा.

हसताय? नाही? मग असं काय बघताय?

तो निबंध तेवढा राहिलाय. फॉर्ममध्येच आहे, एका पानाचा. ‘कठीण प्रसंगी आपण काय केले.’ मी सहा वेळा लिहिला. दर वेळी हीच दुपार — रेडिओ, बेल, भिंग, सगळं. सरांना दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, छान लिहिलंयस, पण यात सगळं त्या दाराचंच आहे. तू कुठे आहेस यात? मी म्हटलं, मी बेल वाजवत होते ना. ते म्हणाले, सात मिनिटं? दोन माणसं खुर्चीला होती, तिसरा हवा होता, आणि तू तर तिथेच उभी होतीस. मी म्हटलं, तसं नाही सर, ती मुलगी म्हणालीच होती मला, ताई तुम्हीच धरा, नऊच पायऱ्या आहेत वळणापर्यंत, पण —

पण काय. काही नाही. सांगतेय ना सरांचं. किती झाली? चार. मध्ये बोलू नका.

मला वाटलं, हातून सुटली तर? चौऱ्याण्णव किलो. आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, मावशीने, म्हणजे लहानपणी मी पाण्याला घाबरायचे तेव्हा बघायची ना, ये गं, काही नाही होत — तसं. आणि मी हात मागे घेतले. असे, पाठीमागे. जणू कुणी मारणार आहे हातांवर. तो ड्रायव्हर खुर्ची सोडून खाली गेला ना माणूस शोधायला, तो माझ्यामुळे गेला. मी धरली असती तर आम्ही तिघं त्याच मिनिटाला निघालो असतो. मी काय केलं, तर मी वळले आणि तुमची बेल दाबून धरली. कारण बेल दाबत राहिलं की हात कामात असतात. डॉक्टर म्हणाले, सात मिनिटांनी काही फरक पडला नसता. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. पोती मी का उचलते असं वाटलं तुम्हाला, तुमच्यासाठी? दर वेळी तुमच्या दारासमोर टेकवते ती तुम्हाला ऐकू जावं म्हणून, हे खरं आहे. पण तिथे पोचले की हात सुटतात माझे. तिथेच. नऊच्या नऊ वेळा.

हे कुणाला सांगायचं नाही, काका. सरांनाही नाही सांगितलं मी, तिथेच विषय बदलला. सही करायची आणि गप्प बसायचं. नाहीतर मी पण —

काय?

मोठ्याने बोला, तोंडातल्या तोंडात नको. ... कडीवर हात होता तुमचा. बरं. मग? ... घाबरलात. कशाला, पाठीला? ... मरणाला. मरण दारात बसलंय असं वाटलं. मिसेसच्या वेळेसारखं. हं. ते तुमचं तुम्हाला लखलाभ, मी काही त्यावर — काय म्हणालात? ती मुलगी बोलली ते ऐकू आलं. दाराआडून. आणि माझं?

शब्दन्‌शब्द.

‘मला नाही जमायचं, काका आहेत घरात, ते धरतील.’ हो. असंच म्हणाले मी. हेच शब्द.

म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं. मी बिल्डिंगभर सांगत फिरले, दारोदार, की यांनी दार उघडलं नाही म्हणून मावशी गेली. लोकांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटले तर भिंतीकडे तोंड करायला लागले. काल तुम्हाला खाली न्यायला कुणी आलं नाही ते कशामुळे, मला काय माहीत नाही? मीच केलं ते, आणि मनात म्हटलं, बरं झालं, करावं तसं भरावं. आणि तुमच्याकडे एक वाक्य होतं. माझंच वाक्य. एकदा कुणापाशी बोलला असतात तरी माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. का नाही बोललात? मीटिंगमध्ये मी तोंडावर खुनी म्हटलं तुम्हाला, तेव्हा तरी —

नको. सांगू नका. मला ऐकायचं नाहीये.

साडेआठ मिनिटं झाली. सातच ठरवली होती मी. माझं लक्षच राहिलं नाही. टॅक्सीवाला गेला की काय — नाही, आहे, वाजला. वही खाली गेल्यावर देते, पेन माझ्याकडे आहे. करायची असेल सही तर करा. नसेल करायची तर तसं सांगा, मी काही म्हणणार नाही. ब्रेक काढतेय, खुर्ची परत वळवतेय. पट्टा ओढून बघते, घट्ट आहे. मी मागे आहे, तुमचं सगळं वजन माझ्या हातात आहे, कळलं? अठरा आणि अठरा आणि या नऊ. मध्ये कुठेही टेकवणार नाही.

काका, तो हात कशाला पुढे करताय, वही खाली देते म्हटलं ना. पायरी आहे. हात आत घ्या.