मारलं म्हणता, मग कागद कुठाय?

…अहो, मारल्याचा कागद कुठून आणू मी? तुम्हीच सांगा! मारणारा माणूस मारता मारता पावती फाडतो का? एका हातानं फटका आणि दुसऱ्या हातानं शिक्का?

नाही नाही, गोगो, आजी, उठू नका, माझ्याच खुर्चीवर बसा तुम्ही, माझं झालं खिडकीवरचं. म्हणजे झालं कसलं… सांगतो. या प्लास्टरकडे एवढ्यात बघू नका, तिथं मी येणारच आहे. खरं तर चारचौघांत मी तोंड उघडत नाही, आमच्या चर्चमध्ये विचारा, हा वेलाफी शोझी गाणंसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणतो. पण तुम्ही सगळे बेकार भत्त्याच्या रांगेत बसलाय, हातात एकेक प्लास्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीत काय आहे ते मला दिसतंय. ओळखपत्र आणि शिळा अमाग्विन्या, तो तळलेला पाव. एवढ्यावर भागत नाही हो! ती काचेमागची सिसी, ताई… माणूस चांगला आहे, मी खोटं का बोलू, पण तिच्याजवळ एकच वाक्य आहे. तुम्ही रडा, लोळा, रक्त दाखवा, ती चष्मा वर करणार आणि भावाला म्हणावं तसं म्हणणार, "तोंडी चालत नाही, भुती. कागद!"

तुम्हाला सांगतो, मी म्झोबेबाबांच्या मटणाच्या दुकानात होतो. मागच्या बाजूला, आतडी धुवायला. सगळं गाव मला 'आतडीवाला' म्हणतं, म्हणू दे, काम वाईट नव्हतं. बाबा पगार द्यायचे तो पाकिटात, पाकिटावर चरबीचा अंगठा, तीच आमची पगाराची चिठ्ठी! आणि आमच्या आईला चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं की पोराला म्हणावं कागद जपून ठेव, उद्या वेळ आली तर सरकार कागद मागतं. झालं. आई माझ्या मागं, आणि मी… चार दिवस आरशासमोर सराव करून… म्झोबेबाबांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, पगाराची एक चिठ्ठी लिहून मिळाली असती तर…"

माझं 'तर' तोंडातच राहिलं हो!

"चिठ्ठी?" बाबा म्हणाले. हातात त्यांच्या गोठलेला गाईचा पाय, करवतीवर घालायला घेतलेला. "चिठ्ठी? माझा शब्द पुरत नाही तुला? तुझ्या बापाच्या मयताला बैल कुणी दिला? चिठ्ठी घेऊन दिला का?" आणि तो पाय आला की हो! खुरासकट! इथं, या खांद्यावर. दुसरा आला तो पाठीत. गाईला पाय चारच असतात, पण म्झोबेबाबांच्या फ्रीजरमध्ये तसा हिशेब नव्हता. "चालता हो! पुन्हा या उंबऱ्यात दिसलास तर तुझीच आतडी बादलीत धुवीन!" आणि मी पळालो. एप्रन घालून, गमबूट घालून, टॅक्सी स्टँडपर्यंत पळालो, बायका हसतायत, कुत्री मागं लागलीयत, कारण अंगाला वास…

पळालो. इथंच चुकलं.

कारण इथं आलो अर्ज घेऊन, तर सिसीनं कॉम्प्युटर बघितला, म्हणाली, भत्त्याच्या फंडाची वर्गणी भरलेली दिसते, छान, नाव जुळतंय, छान, आणि मग तिचं बोट थांबलं. मालकाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, नोकरी का सुटली. तिथं म्झोबेबाबांनी लिहिलेलं, 'स्वतःहून पळून गेला.'

"भुती, काढून टाकलं तर भत्ता मिळतो. स्वतःहून गेलास तर नाही."

"सिसी, मला मारून हाकललं!"

"पण पळालास ना?"

आता याला काय म्हणायचं? पळालोच की! तुम्ही काय उभे राहिला असतात, पुढचा पाय कुठला येतोय बघत? मी खांदा उघडून दाखवला. तिनं बघितला. हळहळलीसुद्धा. "अरेरे, केवढं सुजलंय! पण तोंडी चालत नाही, भुती. कागद!"

आणि हे बघा, मला भत्ता म्हणजे काही चैन नाही करायची. घरी आई, बहिणीची दोन लेकरं, आणि ताटात नुसता मक्याचा फुथू, त्यावर कालवण म्हणून काय, तर आईची प्रार्थना. भत्ता नाही मिळाला तर मला परत त्याच उंबऱ्यात जाऊन, गुडघे टेकून, म्झोबेबाबांना 'चुकलो' म्हणावं लागणार होतं. आणि तिथं करवत आहे हो! बाबा माणसाशी बोलता बोलता एका हातानं करवतीत अर्धं डुक्कर सरकवतात… तिथं परत? नको!

मग निघालो कागद जमवायला. पहिला दवाखाना. नर्स घाईत, बाहेर सतरा बाळं रडतायत. "काय लागलं?" म्हटलं, "गाईचा पाय." तिनं लिहिलं, शिक्का मारला. मी आनंदानं कागद इथं आणला. सिसीनं वाचला. "रुग्णाला गाईने लाथ मारली." चष्मा वर. "भुती, यात मालक कुठाय?"

बरं, म्हटलं, मालकालाच विनवावं. रविवारी, चर्चनंतर, माणूस मऊ असतो असं आई म्हणते. आईनं म्झोबेबाबांचा रविवार बघितलेला नाही. मी गेलो, टोपी हातात, म्हणालो, "बाबा, तेवढा एक शब्द बदला, 'पळून गेला' ऐवजी 'काढला' लिहा, तुमचं काही जात नाही." बाबांनी माझी मानगूट धरली, शीतघराचं दार उघडलं, मला आत टाकलं आणि दार लावून जेवायला बसले! आत अंधार, आकड्यांना टांगलेले बैल, दात वाजतायत. मी अर्ध्या बैलाला मिठी मारून उभा राहिलो. ऊब म्हणून नाही हो, ऊब कुठली, सोबत म्हणून. जेवण झाल्यावर दार उघडलं आणि बाबा म्हणाले, "शब्द बदलला का डोक्यातला?"

त्याच संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर मला निरोपही बोलून पाठवला. मला वाटलं, आला पुरावा! सोमवारी सकाळी सकाळी इथं आलो आणि खिडकीपाशी वाजवला. सगळ्या रांगेनं माना पुढं काढल्या. म्झोबेबाबांचा आवाज… माझ्या आजोबांपासून सुरुवात, मग माझे कान, माझी चाल, मग मला कुठल्या मशिनीत घालून कशाचे सॉसेज करणार… दारावरचा वॉचमन रडायला लागला हसून, "परत लाव ना, ते सॉसेजचं!" आणि सिसी शेवटपर्यंत मन लावून ऐकून म्हणते, "भाषा फार वाईट आहे. पण यात 'नोकरीवरून काढलं' असं कुठंय?"

अहो, जो माणूस मला दळणार आहे तो मला नोकरीवर ठेवून दळणार आहे का?!

"साक्षीदार आण," ती म्हणाली. "त्याचं पोलीस चौकीत शपथपत्र कर. कारण तोंडी…" चालत नाही, सिसी, कळलं!

साक्षीदार कोण? करवतीवरचे ग्वालाबाबा समोरच होते, पण करवतीनं कान गेलेले. त्यांच्या घरी गेलो तर त्यांची बायको मुसळ घेऊन बाहेर, "माझ्या नवऱ्याची भाकर घालवतोस?" आणि म्हातारीचा नेम, तुम्हाला सांगतो, म्झोबेबाबांपेक्षा चांगला! हा दात बघा. नाहीये तो.

राहिली एकच. गल्ल्यावर बसणारी झिबुयिले. म्झोबेबाबांची सून. नवी मकोटी, डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल, मान कायम खाली, पण त्या खाली घातलेल्या मानेनं तिनं सगळं बघितलेलं. मी विचारायलाही लाजलो. तिनंच दुकानामागं मला गाठलं. म्हणाली, "भाऊ, खोटं लिहिलंय ते. मी येते. उद्या सासऱ्यांना लग्नाला जायचंय, तेव्हा येते." त्या घरात काठी फक्त माझ्यासाठी नव्हती.

चौकीत सार्जंट खुझ्वायो. पोट टेबलावर ठेवून बसलेले, हातात पेन. मकोटीनं सगळं सांगितलं. गाईचा पाय, दुसरा पाय, 'चालता हो', सगळं, एकेक शब्द. सार्जंट लिहितायत. माझा जीव भांड्यात पडतोय. आणि मग सार्जंट म्हणाले, "हं. हे सगळं करणाऱ्याचं नाव?"

मकोटीनं रुमाल आणखी पुढं ओढला.

आता तुम्हाला काय सांगायचं, सून सासऱ्याचं नाव घेते का? तुमच्या घरात घेते? जीभ झडली तरी घ्यायची नाही! आणि मी हा असा शहाणा, एवढे कागद गोळा करत हिंडलो, पण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"ज्यांच्या अंगणात मी नांदायला आले, ते," मकोटी म्हणाली.

"नाव, मकोटी."

"माझ्या नवऱ्याच्या आईचे धनी."

"नाव!"

"ज्यांच्या दुकानातून तुम्ही परवा उधारीवर कलेजी नेली, ते."

सार्जंट खोकले. मी म्हटलं, "सार्जंट, मी सांगतो नाव…" "तू गप्प! शपथ तिची आहे. तिनंच सांगायला पाहिजे."

"पण तुम्हाला माहितीये की कोण ते!" मकोटी म्हणाली.

"मला माहितीये गं," सार्जंट म्हणाले, "कागदाला माहीत नाही."

कागद! इथंही कागद! ती माउली घामानं निथळतेय, ओठ दाबून, नाव घेतलं तर घरातल्या वाडवडिलांचा कोप, नाही घेतलं तर माझ्या घरात फुथू… आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

म्झोबेबाबा! लग्नाच्या कपड्यांत, डोक्याला पट्टा, हातात नाचायची काठी. कुणीतरी जाऊन सांगितलेलं की तुमची मकोटी चौकीत बसलीय, आणि शेजारी तो आतडीवाला. पहिली काठी बाकड्यावर बसली, कारण मी खाली होतो. दुसरी बाकड्याखाली आली.

"थांबा, थांबा, बाबा," सार्जंट बसल्या जागेवरून म्हणतात, उठले नाहीत, पोट टेबलावर, "उगाच मारू नका. हा पोरगा तुमचा कोण? तुम्हीच लिहून दिलंय ना, की हा तुम्हाला सोडून पळाला?"

काठी हवेत थांबली.

"मला?" बाबा म्हणाले. "मला सोडून?"

"कागदावर तसंच आहे. तुमची नोकरी नकोशी झाली आणि गेला. लोक हसतायत म्हणे, आतडीवाल्यानं म्झोबेला लाथ मारली."

आई गं! तो चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही! मान ताठ, छाती पुढं, आणि सुरू झाले, आधी पणजोबा, मग आजोबा, कुणी कुठली लढाई मारली, आणि प्रत्येक पूर्वजाला एक फटका… माझ्यावर! "मी… झेफानिया… म्झोबे!" फाट! "माझ्या दुकानातून… कुणी स्वतःहून… जात नाही!" फाट! "मी हाकलतो! याला मी हाकलला! गाईच्या पायानं… हाकलला!" आणि त्या 'हाकलला'ला, तुम्हाला सांगतो, हा हात काडकन गेला.

आणि सार्जंट? लिहितायत! "जरा सावकाश, बाबा. झेफानियाला पुढं काय? बरं. 'हाकलला' एकदाच लिहू की दोनदा?"

"दोनदा लिही!" फाट!

"सही कराल? की भीती वाटते?"

"भीती? मला?" केली की सही! पेन कागदातून आरपार! मग सार्जंट उठले, काठी काढून घेतली आणि म्हणाले, आता बसा बाबा, तुम्हाला आत टाकतो. मकोटी गुडघ्यावर बसून, मान खाली घालून, एवढंच म्हणाली, "हेच ते, सार्जंट. नाव त्यांनी सांगितलं. मी नाही." अजून नाव घेतलेलं नाही तिनं. सासरे तिच्याशी आता बोलत नाहीत. ती म्हणते, लग्न झाल्यापासून एवढी शांतता मिळाली नव्हती.

तर मी, हाताला प्लास्टर, छातीशी तो कागद, असा आज आलो. सिसीनं वाचला. चष्मा वर गेला आणि वरच राहिला. "भुती," ती म्हणाली, आणि हसली हो, पहिल्यांदा हसली, "असा कागद मी नोकरीत पाहिला नाही. भत्ता मंजूर!" माझ्या डोळ्यांत पाणी. मागची रांग टाळ्या वाजवतेय. "काम मिळालं तर करशील ना? तशी अट आहे." म्हटलं, "डाव्या हातानं करीन!" "शाब्बास. मग इथं सही कर."

मी हाताकडे बघितलं. उजवा तो प्लास्टरमध्ये. डाव्यानं केली सही. आईची शपथ, जमेल तेवढी चांगली केली. तिनं कॉम्प्युटरातल्या जुन्या सहीशी लावून बघितली. परत बघितली.

"जुळत नाही रे."

"हात मोडलाय, सिसी! मालकानं मारलं, तुम्ही आत्ताच तर वाचलंत!"

"वाचलं. पण त्या कागदात 'मारलं' आहे, 'उजवा हात मोडला' असं कुठंय? चौकीत जा, सही का बदलली त्याचं शपथपत्र कर, आणि घेऊन ये. मारलं म्हणतोस, ते खरं असेल, पण तोंडी…"

जाऊ दे. तुम्हीच पुरं करा वाक्य.

तर आता निघालोय चौकीत. दुपारीच ये म्हणालेत सार्जंट फोनवर. म्झोबेबाबा जामिनावर सुटलेत ना, त्यांनाही रोज दुपारीच चौकीत हजेरी लावायची असते… असू दे. साक्षीदार तरी शोधायला नको. आणि सहीपुरता हा डावा हात आहे अजून. आज दुपारपर्यंत तरी आहे.