भरदुपारी मुका झालेला रेडिओ

(देवपूर, धुळे. १९४१, कापूस वेचणीचे दिवस. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, दुपारचा एक.)

धनसिंग : हात लावू नका त्या बटणाला! बिघडलेला नाही तो, ताईबाई.

ताईबाई : मंग मुका काबर व्हयना, भाऊ? परदेशना पाद्रीबाबा आत्तेच रेडिओवर लढाईमातला कैद्यास्ना नावं वाची ऱ्हायंता.

धनसिंग : सूर्यावर भडका उडाला असेल. एखाद्या दुपारी होतं असं. पलटणीत शिकवलेलं आम्हाला.

ताईबाई : भडका सूर्यावर, नि मुका आठला रेडिओ?

धनसिंग : ढगांच्याही फार वर हवा विरळ असते. तिथं ऑक्सिजनचे कण जोडीनं राहतात. कडक उन्हानं जोडीतून विजेचा बारीक कण उडतो. सूर्यावर भडका उडाला की असे फार उडतात, नि लांबचा आवाज तिथंच जिरतो.

ताईबाई : उडेल कण परत येस का?

धनसिंग : येतो. अर्ध्या तासात रेडिओ बोलायला लागेल.

ताईबाई : मंग जोडी पह्यलेसारखी?

धनसिंग : नाही. तो परत येतो त्या दणक्यानंच जोडी फुटते.

ताईबाई : तुमनासारखं. तुम्ही पलटणमातून परत उनात, नि तुमनी बाई माहेरले गई.

धनसिंग : माझं सोडा हो! तोवर नावं संपतील. उद्या या.

ताईबाई : उद्या येवाव नई. सासरा माले शिरपूरले धाडी ऱ्हायना, कापूस येचाले. घरमा मना मालकना दिवस करी टाकात, लढाईमा गया आसं धरीसन. दही इकाले जास, आसं सांगीसन मी आठे येस.

धनसिंग : मग मी ऐकतो रोज. चार महिने विचारतोय, नाव काय त्यांचं?

ताईबाई : बाईनी नवरानं नाव घेतं तं त्यानं आयुष्य कमी व्हस.

धनसिंग : आणि मी काय, सगळेच कैदी तुमचे धरू? दुसऱ्या कुणाला सांगायला लावा!

ताईबाई : दुसरं कोन? घरना बठ्ठा लोकेस्नी मारी टाकं त्यास्ले. मीच तेवढी राहेल शे.

धनसिंग : ...बसा. पाणी घ्या.

ताईबाई : पाणी नको. दरवाजा लोटा.

धनसिंग : लोटला.

ताईबाई : परत उनात नि आमनी जोडी फुटनी, तरी चाली. येवू द्या... चुडामण.

धनसिंग : चुडामण. गाव तुमचं सोनगीर. लिहिलं बघा.

ताईबाई : भाऊ...

धनसिंग : काय?

ताईबाई : परत एकदाव म्हनू का?