रंगाखालचा नंबर

सीमेवरच्या तपासणी नाक्यावर रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको होते, दोघांच्या दोन मोटरसायकली. बायकोच्या कागदांवर शिक्का बसला होता. नवऱ्याच्या गाडीशी अधिकारी अजून वाकलेलाच होता.

"चेसिस नंबर वाचताच येत नाही. रंग कोणी मारलाय?"

"मीच, साहेब. लांबचा प्रवास म्हणून. जरा जाडच बसला."

"खरवडा. कागदाशी जुळला की सोडतो."

"कागदावर आहे की नंबर!"

"अहो, वाद कशाला घालताय? हा घ्या पॉलिश पेपर."

"रंगाची वाट लागेल गं."

"लागू दे. फाटक बंद व्हायला आलंय."

"तू सावलीत बस जरा. मी बघतो."

"एवढ्या धूळदगडांतून आणलीत गाडी, तेव्हा नाही रंगाचा कळवळा आला?"

"साहेब, सकाळी खरवडलं तर?"

"सकाळी का? आत्ता काय झालं?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"इकडे बघा. गाडी विकली त्या माणसानं नंबर दाखवला होता ना तुम्हाला?"

"स्वस्तात देत होता."

"मी काय विचारतेय?"

"तू प्रवासाला निघालीच होतीस. गाडी नसती तर मला सोडून गेली असतीस."

"म्हणून नंबर झाकायला रंग मारलात?"

"हळू बोल गं, साहेब ऐकतायत."

"बाई, तुमचं काम झालंय. फाटक लागतंय. तुम्ही जाताय की थांबताय?"

"एक मिनिट, साहेब. अहो, तो पेपर द्या इकडे."

"अगं, पण..."

"सरका बाजूला. मी खरवडते."