भातात उभ्या चॉपस्टिक्स

चोरून ऐकायची शिगेनोबाईंना खोड नव्हती. पण सोबा नूडल्सच्या दुकानाबाहेरच्या रांगेत त्यांच्या पुढ्यातच व्हिडिओ गेम कंपनीतले मिनोबेसाहेब आणि चित्रकार चिगुसा यांची जुंपली होती.

"नायकाच्या आईच्या भातात चॉपस्टिक्स उभ्या? अगं, तशा मेलेल्याच्या भातात खोचतात!"

"ठाऊक आहे, साहेब."

"तीन भाग झाले! खेळणारे म्हणतात, आई भूत आहे. आजच्या आज पुसून टाक."

"नाही पुसणार."

"डोकं फिरलंय का तुझं? शेवटी नायक घरी येतो, तेव्हा दार कोण उघडणार?"

"आईच."

"मेलेली?"

"पहिला भाग काढत होते, तेव्हा माझ्या आईच्या उशाशी असाच वाडगा ठेवला होता, साहेब. ते दार दुसऱ्या कुणी उघडलेलं मला चालणार नाही."

रांग पुढे सरकली. मिनोबेसाहेब जागचे हलले नाहीत, आणि शिगेनोबाईंनीही त्यांना हटकलं नाही.